आईचं पातळ बँकॉकला जाऊन आलं

बँकॉकच्या हॉटेलात माझ्या खोलीत दोन पलंग होते. एकावर मी झोपत होते आणि दुसऱ्यावर आईचं पातळ.

हे सांगितलं की लोक हसतात, त्याला माझा इलाज नाही. खोली दोघींसाठीच सांगितली होती. मी रायपूरच्या एका कंपनीत आहे. राइस मिलमध्ये धानाचं टरफल काढायला रबरी रोल लागतात, ते आम्ही बनवतो. ते कसे बसवायचे, किती झिजले की बदलायचे, हे मिलवाल्यांच्या गळी उतरवणं माझं काम. बँकॉकला राइस मिलच्या यंत्रांचं प्रदर्शन होतं आणि कंपनीने सेल्सचे साहूजी आणि मी, अशा दोघांना पाठवायचं ठरवलं. घरी सांगितलं तेव्हा आई मेथी निवडत होती. तिने जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "मले नेशीन का व सोबत?"

आईने माझ्याकडे आजवर काही मागितल्याचं आठवत नाही. वडील रेल्वेत वॅगन दुरुस्तीला होते. त्यांच्यामागे ती भंडाऱ्याहून रायपूरला आली आणि इथलीच झाली. दर पौर्णिमेला पांढरं पातळ नेसायचं (साडी म्हणजे तिच्या भाषेत पातळच), विहारात जायचं, वंदना म्हणायची, खीर वाटायची. आमचं विहार म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याचा मांडव. एका अंगाला लग्नाचं लॉन, दुसऱ्या अंगाला मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. इकडे 'बुद्धं सरणं' सुरू झालं की तिकडे कुणीतरी हमखास गाडीचा कान पिळून पाहतो आणि वीसेक बायकांचा आवाज त्या फटफटीत बुडून जातो. मी लहान असल्यापासून आई एकच प्रश्न विचारत आली आहे: "साऱ्या गावानंच वंदना म्हटली, तं कसं वाटत असन व?" जिथे सगळेच म्हणतात अशा देशात बसून एकदा ते ऐकायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

पासपोर्ट आला. तो विहारातल्या प्रत्येक बाईच्या हातून फिरला. पंडरीच्या कापडबाजारात जाऊन दुकानदाराला भंडावून सोडून आईने नवं पातळ घेतलं, पांढरंशुभ्र, बारीक निळ्या काठाचं. आणि मग नेहमीच्या तपासणीत हृदयाच्या डॉक्टरांनी मान हलवली. विमान नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढेही विमानाचं धरून चालू नका.

आई रडली नाही. त्याचाच मला जास्त त्रास झाला. घरी आल्यावर तिने ते नवं पातळ घडीवर घडी घालून माझ्या बॅगेत ठेवलं.

"आई, हे काय?"

"माह्या पातळाले तरी जाऊन येऊ दे. पौर्णिमा येऊन राहिली ना मंधात? त्या दिवशी तूच नेसजो. अन् वंदना सुरू झाली का मले फोन लावजो, व्हिडिओवाला. मी इथी बायांले बोलावून ठेवतो."

मी हो म्हटलं. त्या घडीला ती चंद्रावर जाऊन ये म्हणाली असती तरी मी हो म्हटलं असतं.

सदर बाजाराचा थोरला भाऊ

बँकॉकमध्ये पहिल्यांदा जाणवली ती शांतता. गाड्यांची रांग नजर पोचेल तिथवर, आणि हॉर्न नाही. साहूजी टॅक्सीत बेचैन झाले. "मैडम, ये लोग बजाते क्यों नहीं? सबका खराब है क्या?" आपल्या रायपूरच्या सराफ्यात, सदर बाजारात, दोन मिनिटं हॉर्न वाजला नाही तर लोक दुकानातून बाहेर येऊन काय झालं म्हणून पाहतील.

सदर बाजार मात्र मला तिथे भेटला. याओवरात नावाच्या चिनी वस्तीत सोन्याची दुकानं ओळीने लागली आहेत, लाल भिंतींवर सोन्याच्या साखळ्या पडद्यासारख्या सोडलेल्या. बायका त्याच निर्विकार चेहऱ्याने साखळी हातात तोलतात, दुकानदार त्याच कंटाळलेल्या प्रेमाने दुसरी काढतो. फरक एवढाच की बाहेर पाऊल टाकलं की खायला मिळतं, आणि खायला म्हणजे किती! कढया, शेगड्या, वाफा, काडीला टोचलेलं हे आणि पानात बांधलेलं ते. मी मासे-मटण खाते, त्यामुळे माझी चैन होती. साहूजी गळ्यात कंठी घालणारे कबीरपंथी. ते प्रत्येक गाडीसमोर उभे राहून हुंगत आणि मागे सरत. "सब में मछली का पानी डालते हैं मैडम. सब में!" घरून आणलेल्या ठेठरीच्या डब्यावर त्यांनी दिवस काढले. बेसनाची ती वेटोळी मला देताना मात्र त्यांचा हात कधी आखडला नाही.

एका गाडीवर एक बाई कच्च्या पपईचा कीस, मिरच्या, लसूण, शेंगदाणे लाकडी उखळीत घालून कुटत होती. तो आवाज ऐकून मी जागच्या जागी थांबले. आई ठेचा करते तेव्हा हाच आवाज येतो, दोन ठोके जड आणि एक हलका. बाईने बोटांनी विचारलं, मिरच्या किती? मी विदर्भाच्या अभिमानाने पंजा दाखवला. पुढची दहा मिनिटं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बाई मला काकडीच्या फोडी भरवत होती. त्यातलं थोडं पाणी मिरचीचं नव्हतं.

तसं त्या शहरात मला सारखंच होत होतं. बाजारात एकीच्या टोपलीत हिरवे पोहे दिसले, कोवळं धान भाजून कुटलेले, वर खवलेलं खोबरं. मी वळून म्हणायला गेले, "आई, पाह्य," आणि मागे साहूजी. वाट फो नावाच्या मंदिरात झोपलेल्या बुद्धाची ती अफाट सोनेरी मूर्ती पाहिली. आमच्या विहारात महापरिनिर्वाणाचं एक वीतभर चित्र आहे, काचेला तडा गेलेलं. आई दर वेळी त्या चित्रात आधी पायांकडे पाहते. इथले तळपाय माझ्याहून कितीतरी उंच, त्यांवर शिंपल्याची नक्षी, आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होते. मी त्या पायांशी उभी राहिले आणि आईच्या वाट्याचंही पाहून घ्यायचा प्रयत्न केला. तसं पाहता येत नाही.

आमच्या स्टॉलवर दुभाषी म्हणून नोई नावाची मुलगी होती. हसरी, चटपटीत, साधं इंग्रजी बोलणारी. तिच्याबरोबर एका चौकातून जाताना समोर चक्क गणपती. झेंडूच्या माळा, उदबत्त्या आणि नैवेद्याला लाल सोड्याची बाटली, स्ट्रॉ खोचून. नोईने चालता चालता हात जोडले.

"तू बौद्ध ना?" मी विचारलं.

"हो."

"मग हे?"

तिला प्रश्नच कळला नाही. "हेही आहेत ना," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

आता आमच्या घरात दीक्षेच्या प्रतिज्ञा आईला तोंडपाठ. गणपतीला हात जोडणार नाही, हे त्यात स्वच्छ शब्दांत आहे. त्या रात्री फोनवर आईने विचारलं, "तिथी सारे आपलेच होय ना?" मी म्हटलं, "सारे आपलेच." गणपती मी सोड्याच्या बाटलीसकट गिळून टाकला.

मग बराच वेळ दुसऱ्या पलंगावरच्या पातळाकडे पाहत पडले. आई इथे असती तर चौकातल्या चौकात नोईची शाळा घेतली असती, आणि ती मुलगी हसत हसत ऐकत राहिली असती. ते मला हवं होतं.

पौर्णिमा

पौर्णिमेच्या संध्याकाळी दोन गोष्टी एकावर एक आल्या. तिथल्या आमच्या डीलरने नदीकाठच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये जेवण ठेवलं होतं, आणि त्याआधी मला वंदना गाठायची होती. मोठ्या मंदिरांत पर्यटकांची गर्दी, म्हणून नोईने नदीपलीकडचं आपल्या घराजवळचं एक छोटं विहार सुचवलं. ती मला दारापाशी सोडणार, जेवणाची व्यवस्था पाहून परत न्यायला येणार, असं ठरलं. दुपारी प्रदर्शनात गर्दीमुळे जेवायला झालं नाही. म्हटलं, विहारात खीर मिळेल, नंतर तर मेजवानीच आहे.

प्रदर्शनाच्या बाथरूममध्ये मी पातळ नेसले. साहूजी पाहून म्हणाले, "आज तो मैडम आप एकदम माताजी लग रही हैं." मी पदर नीट केला. त्याला आमच्या कपाटातल्या कापराचा वास येत होता.

विहार कालव्याच्या काठी होतं. लाकडी मंडप, चटया, समोर सोनेरी मूर्ती, आणि चटयांवर पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या बायका. पांढरा ब्लाउज, पांढरी लुंगी, खांद्यावरून पदरासारखा तिरका घेतलेला पांढरा पट्टा. मला वाटलं, मी आमच्याच पत्र्याच्या मांडवात आले. गोल चेहऱ्याची एक आजी उठून आली. तिने माझं पातळ पाहिलं, पदर पाहिला, हात जोडले आणि मनगट धरून मला आपल्या ओळीत शेजारी बसवलं. परक्या गावात कुणी काही न विचारता बाजूला बसवलं की काय होतं, ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

मी घाईने फोन लावला. रायपूरला अजून उजेड होता. पडद्यावर आईचं नुसतं कपाळ आलं, मागे बायकांची डोकी. "दिसून राहिलं का?" आई ओरडली. "अवं सरका ना मांगं, मले पाहू द्या!"

तेवढ्यात आजीने माझ्या हातातून फोन घेतला. रागावली नाही, डोळेसुद्धा वटारले नाहीत. नातीच्या हातातली वस्तू घ्यावी तसा घेतला, आपल्या कापडी झोळीत सरकवला, झोळी आम्हा दोघींच्या मध्ये ठेवली आणि माझे दोन्ही हात धरून जोडून दिले. समोर भिक्खू येऊन बसले होते.

तिकडे त्या सगळ्या बाया भिंतीला टेकवलेल्या फोनसमोर बसलेल्या. आईने चहा-पोहे केले असणार, विहारात सगळ्यांना सांगून ठेवलं असणार. पासपोर्ट गेला, विमान गेलं, एक हे राहिलं होतं, तेही माझ्या हातून झोळीत गेलं. उठून जाऊ का, आजीला खुणेने सांगू का, असा विचार करेपर्यंत वंदना सुरू झाली.

पाली तीच, आपलीच. उच्चार मात्र त्यांचे. 'बुद्धं'चं 'फुट्थंग' झालेलं, 'गच्छामि'चं 'खच्छामि', आणि चाल सपाट, संथ, नदीवरून आल्यासारखी. पण ओळीमागून ओळ ओळखीची येत गेली. माझे ओठ आपोआप हलू लागले. मी आमच्या चालीत म्हणत होते. आजीने कानोसा घेतला, माझ्याकडे पाहून हसली आणि आपला आवाज चढवला. भिंतीपलीकडे मोटरसायकल नव्हती. कालव्यापलीकडच्या घरांतून, कुठल्याशा भोंग्यावरून, तेच शब्द येत होते. साऱ्या गावानंच म्हटली, तं कसं वाटत असन व? असं वाटतं, आई. असं. मला त्या क्षणी आई हवी होती, बस. दुसऱ्या सरणाशी माझा आवाज अडकला आणि उरलेलं आजीने माझ्या वाटचं म्हटलं.

संपल्यावर तिने मला पिवळी मेणबत्ती लावायला दिली. ती लावताना मेणाचा एक थेंब पदरावर पडला.

मग सगळ्या जणी मागच्या ओसरीत बसल्या आणि मी खिरीची वाट पाहू लागले. ट्रे आला. त्यात पेले, पेल्यांत तपकिरी सरबत. चव घेतली तर बेल! चांगलं होतं, गोड होतं. मी पिऊन पेला ठेवला आणि पुढच्या पदार्थाची वाट पाहिली. पुढचा पदार्थ नव्हता. कोपऱ्यात मोठी पातेली घासून पालथी घातलेली दिसत होती. आजीने मला दुसरा पेला दिला. मग तिसरा.

नोई आली तेव्हा माझ्या पोटात बेलाचा कालवा झाला होता. ती आजीशी बोलली आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटली. मग तिने सांगितलं. अशा दिवशी पूर्ण पांढऱ्या कपड्यांत बाई विहारात आली म्हणजे तिने उपोसथाचं अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं दिवसभराचं व्रत, घेतलेलं आहे असंच समजतात. अष्टशीलाला दुपार टळल्यावर जेवण नाही, फक्त सरबत. आणि रात्री मुक्काम विहारातच.

"त्यांनी तुझी चटई घातली आहे," नोई म्हणाली. "मच्छरदाणीसुद्धा."

आमच्याकडे पांढरं पातळ म्हणजे वंदनेचा साधा पोशाख. दर पौर्णिमेला सगळ्याच नेसतात आणि वर वाटीभर खीर खाऊन घरी येतात. ते नेसून मी इथे काय कबूल करून बसले होते, याची मला कल्पनाच नव्हती. मी हात जोडून माफी मागितली. आजीने माफीकडे लक्षच दिलं नाही. माझा पदर खांद्यावर नीट केला, झोळीतून फोन काढून हातात दिला. तो बंद पडलेला होता.

नदीकाठचं जेवण

हॉटेलवर येऊन फोन चार्जिंगला लावला आणि आईला काय तोंड दाखवायचं याची उजळणी करत बसले. पहिल्या घंटीला फोन उचलला गेला.

"आई, रागावू नको. त्या आजीनं फोन..."

"राग कायचा? ऐकलं ना सारं."

"काय ऐकलं?"

"अंधार होता, बाई. कायच दिसे नाही. शेवंता म्हणे, फोन बिघडला, बंद कर. मी म्हटलं, हात नोको लावू. आवाज येऊन राहिला होता ना! अवं किती बाया होत्या व तिथी? आम्ही बी सोबतच म्हटलं. पुरं. शेवटलोक. तुह्या आवाज बी आला. मंधातच थांबली तू. काहून?"

"खोकला आला."

"हं," आई म्हणाली. तिला खोकल्याचा आवाज चांगला ओळखता येतो.

झोळीत फोन चालूच राहिला होता. मला एकदम इतकं हलकं वाटलं की सरबताची आणि मच्छरदाणीची सगळी फजिती मी तिखटमीठ लावून सांगितली. आई हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"मंग आज तू जेवजो नोको."

"आई! डीलरचं जेवण आहे. दुपारपासून पोटात काही नाही माझ्या."

"माह्यं पातळ नेसून बसली ना त्या बायांच्या ओळीत? त्यांनी तुले उपासिका समजून जागा देली. एक रात बी नाही निभत का तुह्याच्यानं?"



मी कपडे बदलले आणि जेवायला गेले. नदीवर दिव्यांनी मढवलेल्या बोटी चालल्या होत्या, पलीकडे मंदिराचं शिखर उजळलेलं. आणि टेबलावर जे आलं ते लिहिताना आजही माझा हात जड होतो. लिंबाच्या रसातला वाफाळता अख्खा मासा, नारळाच्या दुधातली हिरवी आमटी, बोटभर कोळंबी, अननसात भरलेला भात, शेवटी चिकट भाताबरोबर पिवळाधमक आंबा. डीलर स्वतः वाढत होते. साहूजींसाठी खास बिनमाशाचं जेवण केलं होतं आणि ते बिचारे पहिल्यांदाच पोटभर जेवत होते. मी म्हटलं, मी नाही जेवणार. डीलरचा चेहरा पडला. साहूजींनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

नोईने थाई भाषेत काहीतरी सांगितलं. त्यावर डीलरच्या पत्नीने चमचा खाली ठेवला, दोन्ही हात कपाळापर्यंत नेऊन मला नमस्कार केला, आणि आपल्या हाताने माझ्यासमोरच्या ताटल्या उचलून दूर सरकवल्या, मला वास येऊ नये म्हणून. मग आल्याचं गोड पाणी मागवलं. तिची आई होती तोवर दर पौर्णिमेला हे करायची, असं तिने नोईकरवी मला सांगितलं, आणि पुढे बराच वेळ आम्ही दोघी आपापल्या आयांबद्दल बोलत बसलो. रबरी रोलचा विषय निघालाच नाही.

सकाळी उठल्या उठल्या मी तांदळाची पेज दोन वाडगे खाल्ली. भाताची चव मला आधी कळत नव्हती, असं वाटलं.

परत

रायपूरला आल्यावर पातळ ड्रायक्लीनला टाकते म्हटलं, तर आईने हातातून ओढून घेतलं. पदरावरचा मेणाचा डाग अंगठ्याने चाचपून पाहिला. "राहू दे," म्हणाली.

पुढच्या पौर्णिमेला ती तेच पातळ नेसून विहारात आली. मीही गेले, न सांगता. वंदनेच्या मध्यावर शेजारी कुणीतरी मोटरसायकलचा कान पिळला. आईने डोळे उघडले नाहीत.

नंतर खीर वाटत असताना बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. मी वाट्या विसळत होते आणि ऐकत होते. "लाकडाचा मंडप होय," आई सांगत होती. "इकून एक म्हातारी, तिकून एक. मले असं जवळ घेऊन बसवलं तिनं. पाह्य, हे तिथलंच मेण होय." त्या दिवशी फोनसमोर बसलेल्या शेवंतामावशीला आणि बाकीच्या बायांना सगळं ठाऊक होतं, मावशी खाली मान घालून खीर ढवळत राहिली.

तात्यापारा मोहल्ल्यात नुकतीच राहायला आलेली एक शिक्षिका डोळे मोठे करून ऐकत होती. "अन् मावशी, तिथी जेवायले काय देलं?"

"मी जेवन कशी व? उपोसथ होता ना माह्या."

मी शेवंतामावशीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "खरं होय. त्या दिवशी आमच्यासाठी पोहे केले, अन् सोता रातभर पाण्यावर राहिली."

शिक्षिका माझ्याकडे वळली. "तुम्ही बी गेल्त्या का ताई, मावशींसोबत?"

आईने खिरीचा डाव हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"हव," मी म्हटलं. "मी सोबत होती."